डावीकडं

आधीच गेलेला होता, मी म्हणालो.
शर्फूभाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला,
आरएक्सच्या क्लचकव्हरवर वाकले,
स्क्रूच्या डोक्यातल्या खाचेत
करंगळीचं नख फिरवलं.
खाच नव्हतीच. वाटी झाली होती, गोल, गुळगुळीत,
आणि तिच्या तळाशी ताजी चमक.

"जुनी जखम काळी पडती, मास्तर."
एवढंच.

जिंतूरचा नाका, एप्रिल, दुपारचे तीन.
पत्र्याखाली लोखंडाला हात लावायची सोय नाही.
मी वर्गात तरफ शिकवतो, टेकू, भार, बल,
फळ्यावर बाण काढून सांगतो
जोर कुठून निघतो, कुठं पोचतो.
आणि काल संध्याकाळी अंगणात
बाजारातून साठ रुपयांना आणलेल्या पेचकसानं
सहा स्क्रू काढले, सातव्यापाशी अडलो.
धाकट्याचा फोन नुकताच येऊन गेलेला:
पुण्याला गिऱ्हाईक आहे, जुन्या आरएक्सला पासष्ट हजार देतो,
तू तशी कुठं चालवतोस.
जिच्या टाकीवर बसून तो पहिल्यांदा परभणी बघायला आला होता
ती गाडी.
मी पेचकस मुठीत धरला
आणि फिरवत राहिलो, फिरवत राहिलो,
स्क्रू सोडून सगळं फिरत होतं.

शर्फूभाई येलदरीच्या वीजघरात तीस वर्षं फिटर.
मनगटाएवढे बोल्ट सोडवलेला माणूस
बोराच्या बीएवढ्या स्क्रूपुढं उकिडवा बसला.
आधी डिझेलचे दोन थेंब. मग चहा.
मग पुन्हा थेंब, पुन्हा नुसतं बसणं.
"पिऊ द्या त्याला."
मग छोटी हातोडी, डोक्यावर, टक टक,
झोपलेल्या घराचं दार वाजवावं तशी.

मोबीन म्हणाला, चाचा, ड्रिल मारू? डोकंच उडवू.
"डोकं उडवलं की धड आतच ऱ्हातं.
मग ते काढायला कोण, तुझा मामा येतो?"

बोथट छिन्नी काठाला तिरकी टेकवली,
तोंड डावीकडं.
एक ठोका. काठ दबला.
दुसरा.
तिसऱ्याला छिन्नी घसरली,
कव्हरवर पांढरा ओरखडा उठला,
आणि त्यांनी जीभ चावली,
ओरखडा स्वतःच्या गालावर उठल्यासारखी.
"हे आता ऱ्हाईल," म्हणाले. "हे माझं."
मोबीन दुसरीकडं बघायला लागला. मीही.

पुन्हा ठोका. पुन्हा.
रस्त्यावरून सरकीची ट्रॉली गेली, धूळ बसली,
कुणीतरी पंक्चर काढायला आलं, थांबलं, बघत राहिलं.
आणि मोजायचं सोडल्यावर कधीतरी
कट्.
अडकित्त्यात सुपारी जाते तसा बारीक आवाज.

तुटला, मी म्हणालो.
सुटला, ते म्हणाले.

खरंच, पुढं काही लागलंच नाही.
चिमटीत फिरत फिरत आला,
आटे शाबूत, डिझेलनं ओले,
जणू त्यानं कधी कुणाला अडवलंच नव्हतं.
तळहातावर घेतला तर गरम होता, हलका होता,
याच्यासाठी मी रात्री जेवलो नव्हतो.

"शर्फूभाई, ते मीच केलं होतं. काल."
"हाव," ते डब्यात नवा स्क्रू शोधत म्हणाले,
"पेचकस लहान होता.
आन् हात दुसऱ्याच कुणासंगं भांडत होता."

मोबीननं प्लेटा बसवल्या, पॅकिंग लावलं,
सहा स्क्रू आवळले.
सातवा माझ्या हातात दिला.
"बोटानं जातो तवर बोटानं. मग पेचकस.
बसला की बस."

बसला.
हाताला अजून अर्धा फेरा हवा होता.
शर्फूभाई रस्त्याकडं तोंड करून तंबाखू मळत होते,
माझ्याकडं बघत नव्हते.
फक्त अंगठा
थांबला होता.